घरी आणलेल्या रुग्णाची सेवा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या धम्मसभेतील भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या काही गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

 

वर्धापनदिन म्हटला की इतिहासावर बोलायचं, चळवळीवर बोलायचं, ही आपली पद्धत. मीही या जागेवरून आजवर तसंच बोलत आलो. आज मात्र मी अर्धांगवायूवर बोलणार आहे. आपल्याकडे कुणी त्याला लकवा म्हणतं, कुणी 'वारा गेला' म्हणतं. डॉक्टर पक्षाघात म्हणतात. समितीतले एक बंधू मला म्हणाले, "दादा, हा विषय डॉक्टरांचा. तुम्ही काय बोलणार?" बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली. १९८८ साली गिरणीत साचा खात्यात बदली म्हणून चिकटलो. पुढचं जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. पण हा विषय मला वाचनालयाने शिकवला नाही. तो माझ्या दहा बाय बाराच्या खोलीने शिकवला. म्हणून बोलतो.

सुरुवात तथागतांच्या एका प्रसंगाने करतो. विनयपिटकाच्या महावग्गात तो आला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान आनंदासह निवासस्थानांची पाहणी करत तिथे आले. त्यांनी विचारलं, तुझी सेवा करणारा कुणी नाही का? तो म्हणाला, नाही. कारण काय? तर, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत. तेव्हा भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं. एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर ठेवलं. मग संघाला जमवून सांगितलं, की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्याच ठिकाणी चांगल्या सेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करून देता आलं पाहिजे. रुग्णाला काय सोसतं आणि काय सोसत नाही ते कळलं पाहिजे. सेवा लाभासाठी नको, मैत्रीभावाने हवी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस वाटता कामा नये. आणि रुग्णाच्या मनाला धम्माच्या बोलण्याने उभारी देता आली पाहिजे. आता बघा, यात नुसतं 'प्रेम करा' असं म्हटलेलं नाही. पहिल्या दोन गोष्टी ज्ञानाच्या आहेत, हाताच्या कसबाच्या आहेत. मैत्री त्यानंतर येते. मी हे भाषणात अनेकदा सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ मला २०१८ सालापर्यंत कळला नव्हता.

२०१८ च्या जूनमध्ये पहाटे पाणी भरताना माझ्या पत्नीच्या हातातून कळशी सुटली. ती खाली बसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लोंबकळला, बोलायला गेली तर नुसता आवाज. ही तीन लक्षणं लहान पोरालाही पाठ पाहिजेत. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी सरळ १०८ ला फोन आणि मोठं हॉस्पिटल. आम्ही काय केलं? कुणी म्हणालं पित्त झालंय, लिंबूपाणी द्या. कुणी तेल चोळायला लागलं. कुणी एका माणसाचा पत्ता सांगितला, तो कबुतराच्या रक्ताने मालिश करतो. मी अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देणारा माणूस, पण त्या घाबऱ्या वेळी मीही 'बघू, थोडं थांबू' म्हणालो. हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन केला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. मेंदूची डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते, आणि बहुतेकांच्या बोलण्याची जागाही डाव्या बाजूलाच असते. म्हणून तिचा उजवा हात-पाय गेला आणि शब्दही गेले. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव झालेला असेल तर ते देताच येत नाही, म्हणून स्कॅन आधी. रक्त अडलं की मेंदूच्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, हे मी नंतर वाचलं. आमचे साडेचार तास चाळीतच संपले होते. हा दोष माझा आहे. तुम्ही तो करू नये म्हणून चारचौघांत सांगतो.

आता खरा विषय. बारा दिवसांनी तिला घरी सोडलं. आपल्या लोकांचा समज असा, की हॉस्पिटलातून सोडलं म्हणजे आजार संपला. खरं तर हॉस्पिटल जीव वाचवतं. माणूस पुन्हा उभा करण्याचं काम घरी सुरू होतं. आणि घरी आल्या दिवसापासून मी चुका करत गेलो.

पहिली चूक पाण्याची. ती पडून होती, तशीच मान उचलून मी तिला पेल्याने पाणी पाजलं. ती खोकली. मला वाटलं ठसका लागला. तिसऱ्या दिवशी ताप, छातीत घरघर, न्यूमोनिया, आणि परत हॉस्पिटल. झटक्यानंतर घशाचे स्नायूही कमजोर होतात. घास आणि पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. पातळ पाणी गिळायला सगळ्यात अवघड. रुग्णाला आधी ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, एक घास गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. लुळ्या बाजूच्या गालात घास साचतो, तो बोटाने बघायचा आणि तोंड स्वच्छ करायचं. खाताना खोकला आला, आवाज घोगरा ओला झाला, तर जबरदस्ती करायची नाही. काय पातळ द्यायचं, काय घट्ट, की नाकातली नळीच ठेवायची, हे तपासून तज्ज्ञानेच ठरवायचं असतं. आपण 'बिचारीला तहान लागली असेल' म्हणतो आणि मायेने जीव धोक्यात घालतो.

दुसरी चूक हाताची. तिला उठवताना मी लुळ्या हाताला धरून ओढायचो. काखेत हात घालून उचलायचो. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा जागेवर राहत नाही. चार महिने ती त्या खांद्याने कळवळली. बोलता येत नव्हतं म्हणून नुसती रडायची, आणि मी समजायचो मनाने खचली आहे.

हे थांबलं ते एका फिजिओथेरपिस्ट ताईमुळे. हॉस्पिटलातल्या एका नर्सने तिचा पत्ता दिला. ताई आठवड्यातून दोनदा घरी यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, हात ओढू नका. हा हात आता तान्ह्या बाळाच्या मानेसारखा समजा." तिने उशा कशा लावायच्या ते दाखवलं. बसल्यावर हात उशीवर, लोंबकळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाड आणि टाचांवर जखमा होतात. मी गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य काढलेला माणूस. घड्याळात दोन-दोन तासांचा गजर लावला. रात्री मी आणि मुलगा पाळीपाळीने उठायचो.

ताईचं दुसरं म्हणणं असं, की व्यायाम म्हणजे सकाळी दहा मिनिटं हातपाय हलवणं नव्हे. दिवसभराचं जगणं हाच व्यायाम. कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, काढताना शेवटी काढायचा. वाटाणे सोलायचे, कपड्याच्या घड्या घालायच्या, जमेल तेवढं तिनेच करायचं. एकच हालचाल शेकडो वेळा. मी विचारलं, मेलेल्या पेशी परत येतात का? ती म्हणाली, नाही, पण शेजारच्या पेशी ते काम शिकू शकतात. मला लगेच कळलं. साच्यावर ताण्याचा धागा तुटला की तुटलेला धागा जोडला जात नाही. नवा तुकडा घेऊन गाठ मारून पुढे न्यावा लागतो, आणि गाठ मारायला साच्यापाशी उभं राहावं लागतं. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. पुढे वेग कमी होतो, पण दार बंद होत नाही. हे पहिले महिने आपण 'आराम करू द्या' म्हणत अंथरुणात घालवतो.

तिसरी गोष्ट बोलण्याची. तिला समजत सगळं होतं, पण शब्द सापडत नव्हता. याला वाचाघात म्हणतात. 'पाणी' म्हणायचं तर 'ताट' निघायचं. शेजारीपाजारी समजले, डोक्यावर परिणाम झाला. तिच्यासमोरच म्हणायचे, "आता हिला काय कळतंय!" बंधूंनो, असं कुणाहीसमोर बोलू नका. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. अशा माणसाशी ओरडून बोलायचं नाही, ते बहिरे नसतात. छोटं वाक्य, एका वेळी एक प्रश्न, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा. मग थांबायचं. तिचा शब्द आपण पूर्ण करायची घाई करायची नाही.

आणि मग एक दिवस काय झालं! दिवाळीच्या सुमारास एका रविवारी आम्ही तिला व्हीलचेअरवर याच विहारात आणलं. भन्तेजींनी त्रिशरण सुरू केलं. जिला चार महिन्यांत स्वतःच्या नातवाचं नाव घेता आलं नव्हतं, ती सगळ्यांबरोबर त्रिशरण आणि पंचशील म्हणू लागली. स्पष्ट. मी तिच्याकडे बघतच राहिलो. काही भगिनी म्हणाल्या चमत्कार झाला. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, चमत्कार नाही काका. लहानपणापासून पाठ झालेली वंदना, अंकमोजणी, गाणी या गोष्टी बऱ्याचदा शिल्लक राहतात, स्वतः जुळवायचं वाक्य मात्र अडतं. चमत्कार नव्हता हे ऐकून मला उलट जास्त आनंद झाला. चमत्कार एकदाच होतो. हे रोज करता येणार होतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही एकत्र वंदना म्हणतो आणि तिथून एकेक शब्दाकडे जातो.

आता माझ्या मनातली बोच सांगतो. चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला. तिला तिथे बसता येईना. लाजेने ती पाणी पिणंच कमी करू लागली आणि लघवीचा संसर्ग झाला. मग प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं, खाली भांडं ठेवलं आणि चादरीचा आडोसा केला. ते भांडं सकाळी कुणी न्यायचं? पहिले काही दिवस सूनबाई नेत होती. तिची स्वतःची कंबर धरली, नोकरीवर खाडे पडले. मी स्त्रीमुक्तीवर बोलणारा कार्यकर्ता, तीस वर्षांच्या संसारात कधी चहाचा कप विसळला नव्हता. एका सकाळी मी भांडं उचललं आणि गॅलरीतून चालत गेलो. माणसं बघत होती. मला लाज वाटली. आणि लाज वाटली याची जास्त लाज वाटली.

आपल्या पूर्वजांवर घाणीची कामं जातीने लादली गेली. ती झुगारण्याचा लढा बाबासाहेबांनी दिला आणि तो बरोबरच होता. पण लादलेली घाण वेगळी आणि आपल्या माणसाची सेवा वेगळी. तथागतांनी स्वतः पाणी ओतलं, ते कुणी लादलं म्हणून नव्हे. घरात सेवा म्हटली की ती बायको, सून, मुलगी यांच्यावर ढकलायची, आणि आपण वेळ मिळाला की उशाशी बसून विचारायचं 'कसं वाटतंय?', ही सेवा नाही. सेवा करणारं माणूस थकलं की दोन रुग्ण होतात. म्हणून पाळी लावा. गिरणीत एकच कामगार तिन्ही पाळ्या करत नाही, मग घरात एकाच बाईने का कराव्यात?

आता तज्ज्ञांचा मुद्दा. काही लोक म्हणतील, तुम्ही शिकलात ना, मग आम्हीही शिकू, तज्ज्ञ कशाला? भारतातच याचा मोठा अभ्यास झाला आहे. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवर तो झाला आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना घरी व्यायाम करून घ्यायचं शिक्षण दिलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत काही फरक नव्हता. दोन्हीकडे शंभरातले सुमारे ४७ जण दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. वाचून मला धक्का बसला. पण विचार केल्यावर पटलं. कुटुंबाला शिकवून वाऱ्यावर सोडणं पुरत नाही. उलट परदेशात झालेल्या चाचण्यांत असं दिसलं, की फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचाउपचार तज्ज्ञ आणि नर्स यांचं पथक लवकर घरी सोडलेल्या, फार गंभीर नसलेल्या रुग्णाच्या घरी जात राहिलं, तर परावलंबी राहणाऱ्यांची संख्या कमी होते. साचा बिघडला तर विणकर कितीही हुशार असो, तो लाईन जॉबरला बोलावतो. हातोडा घेऊन बसत नाही.

आपण मुंबईकर याबाबतीत नशीबवान आहोत. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली कमला निंबकर यांनी आपल्याच परळच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचं काम करते. या गिरणगावात आपण जन्म काढला, पण बारशाला, लग्नाला, मयताला जातो तसं या दारांत जायला शिकलो नाही. सरकारी योजना आहेत, पण त्यांचा जोर मुख्यतः रुग्णालयातल्या भरतीवर आहे. घरी येणाऱ्या ताईचे पैसे खिशातून जातात. ही मागणी आपल्या चळवळीची असली पाहिजे. मोर्चा फक्त घरांसाठी नको, घरातल्या रुग्णासाठीही हवा.

हक्काचंही सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हालचालीचं दिव्यांगत्व आहे, तसं वाचाघाताने आलेलं कायमचं वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्वही आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या. पात्र असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. लाजू नका. ही भीक नव्हे.

आणि ज्यांच्या घरी हे संकट आलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. माझ्या पत्नीला ब्लडप्रेशर होतं. बरं वाटतंय म्हणून तिने गोळ्या सोडल्या होत्या. वर मिश्री. जेवणात पापड, लोणचं, सुकट. ब्लडप्रेशर दुखत नाही म्हणून कळत नाही. गोळी मनाने बंद करू नका, दुसऱ्याची गोळी घेऊ नका. एकदा झटका आलेल्याला पुन्हा येण्याचा धोका असतो. पाचवं शील आपण रोज म्हणतो. दारूने रक्तदाब चढतो, हे त्या शीलाचं डॉक्टरी कारणही लक्षात ठेवा.

रुग्णाच्या मनाकडेही बघा. झटक्यातून वाचलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी नैराश्य येतं. कारण नसताना रडू येणं, हसू येणं, हाही मेंदूच्या इजेचा भाग असू शकतो. 'नाटक करते' म्हणू नका. त्यावर उपचार आहेत.

आज माझी पत्नी चार पायांच्या काठीने गॅलरीच्या टोकापर्यंत जाते. हात आला नाही. खोटं कशाला सांगू? पन्नास-साठ शब्द बोलते. त्यात माझं नाव आहे. पहिल्यांदा ते तिने घेतलं तेव्हा मी भांडी घासत होतो.

शेवटी विहार समितीपुढे माझी विनंती ठेवतो. एक, विहारात एक कपाट करावं. ज्यांच्या घरची व्हीलचेअर, कमोड खुर्ची, हवेची गादी, काठी पडून आहे त्यांनी ती आणून द्यावी. गरजूने न्यावी, काम झालं की परत करावी. पहिली खुर्ची माझ्या घरची. दोन, महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर रक्तदाब मोजावा. तीन, एखाद्या जाणत्या फिजिओथेरपिस्टला बोलावून रुग्णाला उठवणं, बसवणं, भरवणं यांचं शिबिर घ्यावं, आणि त्यात पुरुषांची हजेरी सक्तीची असावी. चार, ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरी आठवड्यातून दोन तास कुणीतरी जाऊन बसावं, म्हणजे त्या घरच्या बाईला बाजारात जाता येईल, झोप काढता येईल, निदान विहारात येऊन शांत बसता येईल. यादी मी करतो. पहिलं नाव माझं लिहा. गिरणी सुटली आहे, मला वेळ आहे.

तो भिक्खू म्हणाला होता, मी कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून माझ्याकडे कुणी बघत नाही. आपल्या चाळीतल्या कुठल्याही खोलीत, कुठल्याही अंथरुणावर कुणाला असं म्हणावं लागू नये. एवढं झालं तरी या विहाराचा वर्धापनदिन साजरा झाला असं मी समजेन.